वाट माहीत असल्याची सही

ह्या फाट्यावर गाडी न्यायची तर
वाट माहीत असलेला माणूस लागतो.
तसा नियमच आहे.
यादीत पूर्वी आम्ही सतरा जण होतो.
डेविन निवृत्त झाला, ऑस्टिन डोळ्यांच्या तपासणीत गळाला,
बाकीचे बंदराकडं कंटेनर ओढायला गेले.
आता एकच नाव: इल्टिड प्रॉसर.
म्हणून गुरुवारी फोन आला.

खाणवाले दगड लॉरीनं नेणार,
मार्चअखेर फाटा बंद,
आणि त्याआधी चारशे माणसं
तिकीट काढून तो बघायला निघालीत.
बघायला आहे काय? मी विचारलं.
बावीस वर्षं इथून चुनखडी ओढली,
तिनं एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

फेब्रुवारीतला रविवार. नऊ डबे,
दोन्ही टोकांना इंजिन, कारण शेवटी वळायला जागा नाही.
ताशी दहा मैल.
एल्डरच्या काटक्या काचांना चपराका मारत होत्या
आणि दर चपराकीला डब्यांतून
लग्नघरासारखा हशा.
ग्वेर्नोलच्या फाटकाशी गार्ड मोर्वेन उतरली,
कुलपात तेल सोडलं.
दोनदा सुलटी, मग एकदा उलटी!
वरूनच ओरडलो.
हे कुठल्या पुस्तकात नाही.

चढ कुठं लागतो ते मला पाठीला कळतं.
पुलाखाली ब्रेक सोडायचा, न पाहता,
अंधारात आपल्या घरातली पायरी उतरावी तसा.
मिसेस बीवनच्या दोरीवर आज चादरी नव्हत्या.
चादरी दिसल्या की मी धूळ उडू नये म्हणून हळू जायचो;
ती हात करायची
किंवा मूठ दाखवायची,
वारा कुठला आहे त्यावर.

मग पाटी आली.
पाटीपुढं चाळीस यार्ड, मग बफर.
पुढची जमीन खाणीची, आणि खाणीचा विमा
दगडाला लागू आहे, माणसांना नाही.
मी थांबलो.

मागं कुरबुर सुरू झाली.
ह्या लोकांचा एक नकाशा असतो,
ज्या रुळावरून गेलो तो लाल शाईनं गिरवायचा.
एक म्हणे, चाळीस यार्ड राहिले, गिरवता येणार नाही.
दुसरा म्हणे, अरे, पेनाचं टोकच साठ यार्डांचं आहे.
थर्मास उघडून, चवीचवीनं भांडत होते.

परतीसाठी मला मागच्या इंजिनाकडं जायचं होतं.
खडीवरून चाललो. खिडक्या खाली होत गेल्या,
कुणी हात मिळवला, कुणी बिस्किट दिलं.
सहाव्या डब्यातून एका बाईनं हाक मारली. नेरिस नाव.
रेल्वेतलं मला काही कळत नाही, म्हणाली,
उलट मला गाडी लागते.
नकाशा तिच्या भावाचा, गेथिनचा.
अख्खा देश लाल झालेला,
फक्त इथं केसाएवढी रेघ,
तीही तिनं अर्धी गिरवलेली.

तुम्ही गेलायत पार शेवटपर्यंत?
म्हटलं, हजारदा.
काय आहे तिथं?
दोन ओंडके. एक फुटकी खुर्ची,
तिच्यावर बसून सीरिल डबा खायचा.
आणि एक पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप,
ऊन पडलं की त्याला खोबऱ्याचा वास येतो.
खोबऱ्याचा? तिनं पुन्हा विचारलं,
जणू तेवढंच तिला घरी न्यायचं होतं.
मग पेन खाली दिलं.
उरलेलं तुम्ही काढा.

खिडकी उंच, बोटांना वंगण.
टाचा वर करून काढली. जरा वाकडीच गेली,
शेजारी अंगठाही उमटला.
भांडणारे खिडकीशी येऊन गप्प उभे होते.
त्यांतला एक म्हणाला, चालतंय.

येताना फाटक लावून घेतलं.
मेंढ्या लगेच रुळांत येऊन बसल्या.

डेपोत रात्री कागद पुढं आला, नेहमीचाच:
ह्या फाट्याची वाट मला माहीत आहे.
तारीख. सही.
सही सहा महिने चालते.
फाटा मार्चमध्ये संपतो, मी ऑगस्टमध्ये.
मधल्या दिवसांत
ह्या माहितीचं काय करायचं,
ते कागदाच्या पाठीमागंही नव्हतं;
मी उलटून पाहिला.